उवांची सोयरीक

९ जानेवारी

ताई,

पाकिटातली डबी जपून उघड. आत स्पिरिट आहे आणि स्पिरिटमध्ये चौदा उवा आहेत. मेलेल्या आहेत. तुला घाबरायचं कारण नाही म्हणा. आई म्हणायचीच, लोकांच्या मुली उवा मारतात, माझी थोरली पोसते.

नऊ वर्षांपूर्वी तू म्हणालीस, यापुढे मला फोन करू नकोस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून पत्र लिहिते आहे. आईच्या वेळी तू वेळेवर आली नाहीस तो विषय मी काढणार नाही. काम फक्त उवांचं आहे.

मी अजून त्याच शाळेत नर्स आहे. खोली तीच, जिन्याखालची. शाळेत आता पाहुण्यांची अकरा मुलं आहेत. बारा वर्षांपूर्वी अंतराळातून त्यांचं जहाज उतरलं तेव्हा सरकारी समितीवर तूच होतीस, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी तुला काय सांगणार! पण समितीने त्यांना काचेआडून पाहिलं, मी रोज जवळून पाहते. करंगळीला नख नाही, डोळे तांब्याच्या भांड्यासारखे, आणि केस मानेवर न थांबता पाठीच्या कण्यावर वीतभर उतरतात. एवढं सोडलं तर गुडघे आपल्यासारखेच फुटतात, आणि गणिताच्या तासाला पोटंही तशीच दुखतात.

तर शाळेत उवा झाल्या आहेत. दर वर्षी होतात. सुट्टीनंतर मी बारीक फणी घेऊन बसले (मुलं मला फणीबाई म्हणतात, तोंडावर नाही). दोनशे बारा डोक्यांपैकी त्रेचाळीस डोक्यांत सापडल्या. पांढऱ्या कागदावर फणी झटकली तर दोन तऱ्हेच्या पडल्या. एक आपली नेहमीची, मातकट. दुसरी किंचित लांब, कडेने काळसर पट्टी, पायांचे आकडे जाड. आधी वाटलं एक पोर, एक थोर. मग भिंगातून पाहिलं. दोन्ही थोरच आहेत आणि दोन्ही अंडी घालतायत.

ही पट्टीवाली मला पहिल्यांदा शिट्टीच्या डोक्यात दिसली. शिट्टी म्हणजे तिसरीतली पाहुण्यांची मुलगी. तिच्या नावाची सुरुवात शिट्टीने होते आणि पुढचं कोणालाच जमत नाही, म्हणून सगळी शाळा तिला शिट्टीच म्हणते. आता पट्टीवाल्या आपल्या मुलांच्या डोक्यात आहेत आणि मातकट त्यांच्या.

लहानपणी तूच मला शिकवलं होतंस की कावळ्याची ऊ कबुतरावर जगत नाही, कुत्र्याची माणसावर जगत नाही. ऊ आपलं घर सोडत नाही, आणि सोडलंच तर घरच्यांच्या नातेवाइकांकडेच टिकते. मग ही यांची ऊ आपल्या मुलांच्या डोक्यात लेकुरवाळी होऊन कशी नांदते आहे?

सुतावरून स्वर्ग गाठतेस म्हणशील. इथे तर उवेवरून. तरी एकदा बघ आणि कळव.

धाकटी


२४ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. ना 'प्रिय', ना 'कशी आहेस'. "नमुने अपुरे. कोणत्या डोक्यातून, कोणत्या तारखेला, ते प्रत्येक डबीवर लिही. पालकांची परवानगी घेतलीस का? करार वाच." तरी मी ते पाकीट दिवसभर एप्रनच्या खिशात ठेवून हिंडले.

करार वाचला. आधीच्या ग्रहावर त्यांच्यावर काय काय करून पाहिलं होतं, ते तुला माहीत आहे. म्हणून आपल्या सरकारने लिहून दिलंय की त्यांचं रक्त, कातडी, नख, केस यांतलं काहीही कधीही तपासायचं नाही. केसालाही धक्का लावायचा नाही, अगदी शब्दशः. पण उवेबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही. उवेचा विचार करार करणाऱ्यांच्या डोक्यात आला नसावा.

तरी मी विचारायला गेले. शिट्टीची आई लिफ्ट दुरुस्तीचं काम करते. बाजारपेठेतल्या सहा मजली इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरली होती. मी वरून वाकून सांगितलं, "तुमच्या मुलीच्या डोक्यातल्या उवा माझ्या बहिणीला पाठवायच्या आहेत."

"भेट म्हणून?" खालून आवाज आला.

"तपासायला. पण तुमची हरकत असेल तर नाही."

ती शिडीवरून वर आली, एकेक बोट करून हात पुसले. मग म्हणाली, "उवेच्या पोटात आमचं रक्त असतं. ते नको. बाकीची ऊ तुमची."

तेव्हा ताई, आता माझी तुला अट. पोट फाडायचं नाही. पाय तपास, मिशा तपास, पोटातल्या रक्ताला हात लावायचा नाही. पायांवरून कळत असेल तर पुढे जाऊ, नाहीतर राहू दे.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि कापडात गुंडाळलेली एक फणी माझ्या टेबलावर ठेवली. कसल्या तरी हाडाची, वापरून गुळगुळीत झालेली. तिच्या पणजीची. दात इतके जवळजवळ की मी माझी फणी तिच्यावर ठेवून पाहिली, दाताला दात बसला. म्हणजे ह्या उवा त्यांना इथे येऊन लागलेल्या नाहीत. तिकडे त्यांच्या पणज्याही दारात बसून पोरींची डोकी विंचरत होत्या.

समितीच्या अहवालातलं तुझं ते वाक्य चौथीच्या पुस्तकात धडा म्हणून आहे, माहीत आहे का? "देवमासा आणि मासा सारखे दिसतात म्हणून भाऊ होत नाहीत. पाहुणे आणि आपण यांचं साम्य हा निसर्गाचा योगायोग आहे." गेल्या आठवड्यात चौथीच्या वर्गावरून जाताना ऐकलं, पाहुण्यांचा एक मुलगा उभा राहून तेच घडाघडा म्हणत होता. एकही चूक नाही. बाईंनी शाबासकी दिली.

आणखी एक. पालक संघ खवळला आहे. अकरा मुलांना तीन रस्ते सोडून असलेल्या जुन्या गोदामात वेगळं बसवायचं घाटतंय. अठ्ठावीस फेब्रुवारीला सभा आहे. शाळेकडून आरोग्य अहवाल गेला आहे. तो जायचाच होता.

सोबत सव्वीस डब्या. प्रत्येकीवर सगळं लिहिलंय. अक्षर चांगलं काढलंय, तुझ्या बोलण्याला जागा ठेवली नाही.

धाकटी


६ फेब्रुवारी

ताई,

"ही वेगळी जात आहे. आधी कुठेही नोंदलेली नाही. आणखी पाठव." एवढंच लिहिलंस, पण शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा मारल्यास. तू दहावीच्या निकालालाही एकच रेघ मारली होतीस.

आणखी पाठवते आहे. ह्यातली सात नंबरची डबी बघताना हसू नकोस. ती पालक संघाच्या अध्यक्षांच्या मुलीच्या डोक्यातली आहे. आठही पट्टीवाल्या. अध्यक्ष गावभर सांगत फिरतात की माझी मुलगी त्यांच्या मुलांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. मी मैदानावर रोज बघते. ती आणि शिट्टी भिंतीला पाठ लावून, एकमेकींच्या डोक्याला डोकं टेकवून बसतात आणि हातावर पेनाने किल्ले काढतात.

नऊ नंबरच्या डबीतल्या मला कळत नाहीत. पट्टी आहे पण अर्धवट, आकडे ना जाड ना बारीक. तू बघ.

आता वाईट बातमी. शिट्टीचे केस काढले.

पालक संघाने चिठ्ठी पाठवली होती की पाहुण्यांच्या मुलांचे केस काढल्याशिवाय त्यांना वर्गात घेऊ नये. आपल्या चौतीस मुलांबद्दल चिठ्ठीत अक्षर नव्हतं. मोठ्या बाईंनी ती चिठ्ठी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "तुम्ही बघा, मला वरून फोन येतायत." मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष आहे.

शिट्टीची आई घरून मशीन घेऊन आली. म्हणाली, दुसऱ्या कोणी हात लावायला नको. माझ्याच खोलीत, माझ्याच स्टुलावर तिने मुलीला बसवलं. त्यांच्यात केस कापायची रीत वेगळी आहे. घरातलं कोणी वारलं तरच कापतात. मला ते माहीत नव्हतं. मशीन सुरू झालं तसं शिट्टीने मान वळवून विचारलं, "आई, कोण गेलं?"

"कोणी नाही. उवा गेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग रडायचं का थोडं?"

आई म्हणाली, "थोडं रड." आणि ती पोर खरंच थोडं रडली, मोजून, मग नाक पुसून थांबली. पाठीच्या कण्यावरचे केसही काढले. तिथली कातडी बाळाच्या तळव्यासारखी निघाली. शिट्टीने मला विचारलं की आता मी जास्त तुमच्यासारखी दिसते का. मी म्हटलं, तू होतीस तशीच दिसतेस. ते उत्तर बरोबर होतं की चूक, अजून ठरत नाहीये.

निघताना तिची आई दारात थांबली. "अहवालात लिहिलंय म्हणे की उवा आमच्या मुलांनी आणल्या. त्यावर सही कोणाची आहे?"

मी म्हटलं, "कार्यालयातून जातो तो."

ती 'बरं' म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली.

पुढच्या खेपेला नीट लिहीन. आज हात चालत नाही.

धाकटी


१३ फेब्रुवारी

ताई,

ह्या पत्रात डबी नाही.

त्या अहवालावर सही माझी आहे. मोठ्या बाईंनी मजकूर टाइप करून आणला होता, 'प्रादुर्भावाचा उगम: पाहुणे विद्यार्थी'. मी पेन काढून सही केली. त्या क्षणी माझ्या टेबलाच्या खणात ऑक्टोबरची वही होती आणि तिच्यात आपल्या चार मुलांची नावं माझ्या अक्षरात होती. सुट्टीच्याही आधी, शिट्टीच्याही आधी. मला ती नावं आठवत नव्हती असं नाही. मला घरी जायचं होतं, आणि खापर फोडायला डोकी तयारच होती.

परवा जाऊन शिट्टीच्या आईला हे सांगितलं. ती एका दवाखान्याच्या लिफ्टचं दार उघडून बसली होती.

"आत्ता का सांगताय?"

"तेव्हाच सांगायला हवं होतं म्हणून."

"हा टॉर्च धरा," ती म्हणाली. मी धरला. वीस मिनिटं ती काम करत होती आणि एकदाच बोलली, "हलवू नका." निघताना तिने टॉर्च परत घेतला. क्षमा केली असं मी म्हणणार नाही. पण दार बंद करताना विचारलं, चहा घेणार का.

घरी आले आणि लक्षात आलं की हे मी दुसऱ्यांदा केलंय. पहिल्यांदा तुझ्याशी केलं.

आईची तब्येत एका दिवसात बिघडली असं मी तुला सांगितलं होतं. एका दिवसात नाही. तीन आठवडे लागले. तू त्या बेटावर पक्ष्यांच्या मागे गेली होतीस आणि जाताना तिथला नंबर माझ्या हातात देऊन म्हणाली होतीस, "काही वाटलं तर एक फोन कर, मिळेल त्या बोटीने निघते." तो नंबर फ्रिजच्या दाराला लावलेला होता. मी रोज तो बघत होते. आई रोज विचारायची, थोरलीला कळवलंस का? आणि मी रोज सांगायचे, कळवलंय, ती कामात आहे. आई म्हणायची, "असू दे. तिचं काम मोठं आहे."

मी फोन केला तो अगदी शेवटच्या सकाळी. तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. आणि घर भरलेलं असताना, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी तुला विचारलं, "मिळाला का वेळ?"

तू मान खाली घालून बॅग उचललीस आणि दारात एवढंच म्हणालीस, यापुढे मला फोन करू नकोस. तुला वाटलं चूक तुझी आहे. नऊ वर्षं मी तुला तसं वाटू दिलं.

का केलं, तर सांगते. तिला उचलणारी मी, तिचं अंथरूण बदलणारी मी, आणि ती डोळे उघडून तुझं नाव घ्यायची. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही सापडतंय का म्हणून मी खूप शोधलं.

सभेला पंधरा दिवस आहेत. तुझा निकाल हातात पडेपर्यंत हे पत्र थांबवावं, असं मनात आलं. तू रागावलीस आणि उवा खिडकीतून फेकून दिल्यास, तर गोदामात जाणार ती मुलं. पण तसा हिशेब करून तुझ्याकडून काम काढून घेतलं, तर ते तिसऱ्यांदा होईल. म्हणून आजच पेटीत टाकते.

धाकटी


३ मार्च

ताई,

तुझं काही आलं नाही. येईल अशी अपेक्षा ठेवायचा मला हक्कही नाही. तरी सभेत काय झालं ते तुला कळायला हवं, कारण सगळ्या डब्या तुझ्याकडे आहेत.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. खुर्च्या कमी पडल्या, मागे लोक खिडकीच्या कठड्यावर बसले. पाहुण्यांचे आई-बाप एका बाजूला, आपले दुसऱ्या बाजूला, मधली वाट झाडून काढल्यासारखी मोकळी. अध्यक्षांनी माझा अहवाल वाचून दाखवला. स्वतःची सही अशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती फार मोठी वाटते.

मी हात वर केला. वही घेऊन उभी राहिले.

"हा अहवाल मी मागे घेते. तो खोटा आहे आणि खोटा आहे हे सही करताना मला माहीत होतं."

हॉलमध्ये असा गोंगाट झाला की मोठ्या बाईंना घंटा वाजवावी लागली. मी वही उघडली. नावं वाचली नाहीत, फक्त तारखा आणि इयत्ता. ऑक्टोबरमध्ये चार, चौघंही आपली. मग सांगितलं की दोन तऱ्हेच्या उवा आहेत. त्यांच्या आपल्याकडे आल्यात, तशा आपल्या त्यांच्याकडे गेल्यात. देणं-घेणं दोन्हीकडून झालंय.

अध्यक्ष उठले. "माझ्या मुलीच्या डोक्यात त्यांच्या उवा कशा येतील? ती त्या मुलांशी खेळतच नाही."

"मग चालत गेल्या असतील," मी म्हटलं. "दमल्या असतील बिचाऱ्या."

पहिल्यांदा खिडकीतले हसले, मग दोन्ही बाजूचे. अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नेमकं त्याच वेळी त्यांनी कानामागे खाजवलं आणि मग मोठ्या बाईसुद्धा हसल्या. हसता हसता त्यांचाही हात डोक्याकडे गेला. अख्खा हॉल खाजवत होता. तुला सांगते, नुसतं नाव काढलं की खाज सुटते, आणि ती त्यांनाही सुटते आणि आपल्यालाही.

पण हसण्याने प्रश्न मिटत नाही. मागून कोणी तरी ओरडलं, "तुम्ही एकदा खोटं बोललात, आता खरं बोलताय हे कशावरून?" मी सांगितलं, की माझ्या शब्दावर विसंबू नका, तज्ज्ञाचा अहवाल मागवला आहे, येईल की नाही माहीत नाही.

तेव्हा शिट्टीची आई उभी राहिली. त्यांच्यातलं कोणी सभेत सहसा बोलत नाही. म्हणाली, "त्यांनी मला हे सभेच्या आधी येऊन सांगितलं होतं. कोणी विचारायला गेलं नव्हतं." आणि बसली.

मोठ्या बाईंनी मग नियमावर बोट ठेवलं. नर्सच्या सहीशिवाय आरोग्याच्या कारणाने एकाही मुलाला हलवता येत नाही, आणि सही तर आता नाही. तीन आठवडे मुदत. तोपर्यंत सगळी मुलं आहेत तिथेच. माझ्यावर चौकशी होईल ती होईल. निवृत्तीला दीड वर्ष असलेल्या बाईकडून मी एवढी अपेक्षा केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोनशे बाराही मुलांना औषध लावलं. एका रांगेत, पटावरच्या क्रमाने. दोन शिक्षक आणि मोठ्या बाईही रांगेत उभ्या राहिल्या.

धाकटी


२१ मार्च

ताई,

जाड पाकीट सोमवारी आलं. बारा पानांचा अहवाल आणि वेगळी घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठी आधी उघडली. "अहवाल शाळेला दे. दुसऱ्या गोष्टीबद्दल मला अजून काही लिहिता येत नाही. एकच विचारते, शेवटी आई काय बोलली? सगळं लिही. गाळू नकोस." अक्षर खाली-खाली उतरत गेलंय. मी चिठ्ठी घडी करून ठेवली आणि आधी शाळेचं काम केलं, कारण मुदत संपत आली होती.

अहवाल मोठ्या बाईंनी हॉलमध्ये वाचून दाखवला. जिथे त्या अडखळल्या तिथे मी पुढे वाचलं. पट्टीवाली आणि मातकट या बहिणी-बहिणी आहेत. नऊ नंबरच्या डबीतली अर्धवट पट्टीवाली म्हणजे त्या दोघींची संतती, आणि तिलाही पुढे पोरं होतात. इतक्या जवळच्या उवा फक्त इतक्या जवळच्या माणसांवरच असू शकतात. गेल्या वर्षी दुसऱ्या जहाजातून आलेल्या त्या उंच लोकांनीही तुला आपणहून उवा दिल्या, त्याही ह्याच घराण्यातल्या निघाल्या, जरा लांबच्या. म्हणजे तिन्ही लोकांचे पूर्वज एकच. कोणी कोणाला कधी, कोणत्या वाटेने नेलं, ते तुला माहीत नाही, असं तू स्पष्ट लिहिलंस. आणि त्याखालचं वाक्य मी स्वतः वाचलं: "परंतु उवा पोहत अंतराळ ओलांडत नाहीत." हॉल हसला तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्या ताईला विनोद करता येतो हे कोणाला खरं वाटत नसे.

"म्हणजे सख्खे नाही, चुलत," मोठ्या बाई चष्मा काढून म्हणाल्या.

शिट्टीची आई म्हणाली, "चुलत म्हणजे आता भांडायचा हक्क आला."

"आमच्याकडे त्याला भाऊबंदकी म्हणतात," मी म्हटलं. तिने तो शब्द दोनदा घोळवला. त्यांच्याकडेही त्या अर्थाचा एक शब्द आहे म्हणे, आणि तो सुद्धा चारचौघांत बोलत नाहीत.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. सात घरांनी मुलं शाळेतून काढली. मला लेखी समज मिळाली आणि ती योग्यच आहे. अध्यक्ष सभेत आले नाहीत, पण त्यांची मुलगी शाळेत येते, त्यांनी तिला काढलेलं नाही. गोदामाचा ठराव रद्द झाला. पाहुण्यांच्या दोन आज्ज्या येऊन म्हणाल्या की करारात बदल हवा असेल तर आम्ही बोलायला तयार आहोत, पण विचारायला उवांची नर्स आली पाहिजे. चौथीच्या वर्गात तो धडा शिकवणं थांबवलंय. पुस्तक बदलेपर्यंत बाईंनी त्या पानाला टाचणी मारायला सांगितली.

आणि बुधवारी रेडिओवर तुला ऐकलं. निवेदकाने विचारलं, बारा वर्षांपूर्वी तुम्ही योगायोग म्हणाला होतात. तू म्हणालीस, "मी चुकले होते." पुढे-मागे काही न लावता. त्या समितीवरच्या बाकी लोकांचे आता तुला कसे फोन येत असतील याची मला कल्पना आहे. हे तीन शब्द तुझ्या तोंडून ऐकायला मला पन्नास वर्षं लागली, आणि ऐकले तेव्हा माझ्या हातून दुधाचं पातेलं निसटलं.

आता तू विचारलेलं.

शेवटच्या दिवशी, तुला सकाळी फोन केला त्यानंतर, दुपारी तीनच्या सुमाराला मी आईचं अंग पुसत होते. खिडकीतून ऊन थेट पलंगावर येत होतं म्हणून पडदा अर्धा ओढला होता. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि तुझं नाव घेऊन म्हणाली, "आलीस?"

मी म्हटलं, "हो आई. आले."

विचार करून म्हटलं नाही. तोंडातून गेलं.

तिने माझा हात चाचपला. म्हणाली, "हात किती खरखरीत झाले गं तुझे. त्या बेटावर पाणी खारं का?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "पक्षी सापडले?" मी म्हटलं, सापडले, पुष्कळ. त्यावर ती खूश झाली. खरंच खूश झाली, ताई. ओठांच्या कोपऱ्यात हसली, तू काही तरी शोधून आणलंस की हसायची तशी.

मग आवाज बारीक करून म्हणाली, "धाकटी कुठे आहे?"

"आत आहे."

"झोपू दे तिला. तीन आठवडे पाठ टेकलेली नाही पोरीने. मी तिला काही बोलत नाही, बोलले की रडते. आता तू आलीस, तू बघ तिच्याकडे."

मी म्हटलं, "बघते."

नंतर ती बोलली नाही. पाच वाजता गेली.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या जागी उभी राहून मी तुझ्या वाटणीचं बोलणं ऐकलं, आणि त्यात माझ्याबद्दल जे होतं ते मला तोंडावर कधीच मिळालं नव्हतं. हे दोन्ही मी नऊ वर्षं दाबून ठेवलं. तुला हे कळलं असतं तर तू त्या दिवशी मान वर करून घरातून गेली असतीस. आईच्या लेखी तू आली होतीस. तिने तुला पाहिलं, तुझी चौकशी केली आणि तुझ्यावर काम सोपवून ती गेली. ह्यातलं एक अक्षर गाळलेलं नाही.

तू रागावलीस तर राग. मला तो सोसेल. गप्प राहिलीस तर मात्र सोसणार नाही, हे आपलं सांगून ठेवते.

अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस की पुढच्या नमुन्यांसाठी एप्रिलमध्ये प्रत्यक्ष यावं लागेल. नमुने मी पाठवू शकते, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तरी ये. वरची खोली रिकामी आहे, टेबल खिडकीपाशी सरकवलंय, मायक्रोस्कोपला उजेड चांगला मिळेल. शिट्टीची आई विचारत होती की ताई जिने चढू शकतात का, नाहीतर ती काही तरी सोय करते. मी म्हटलं, अजून धडधाकट आहे ती. आहेस ना?

नऊची गाडी पकडू नकोस, ती प्रत्येक स्टेशनात थांबते. अकराची पकड आणि पुढच्या डब्यात बस, म्हणजे जिना चढावा लागत नाही. मी फाटकापाशी उभी असेन.

तुझी
धाकटी